कोड लिहून झाला, तपासणार कोण?

सबमिशनचा आठवडा आठवा. जर्नलमधले दहाच्या दहा प्रयोग एका रात्रीत उतरवायचे आणि सकाळी सरांच्या टेबलावर गठ्ठा नेऊन ठेवायचा. सर पहिलं पान बघतात, मधलं एखादं पान उलटतात आणि मग धडाधड सह्या. आपण खूश, सरही मोकळे. पण चौथ्या प्रयोगातली चूक कोणाला दिसली? कोणालाच नाही.

सॉफ्टवेअरच्या जगात आज हा प्रकार मोठ्या प्रमाणावर होतोय. तिथे जर्नलच्या जागी असते पुल रिक्वेस्ट, जिला सगळे पीआर म्हणतात. ‘मी एवढा बदल केलाय, तपासा आणि मुख्य कोडमध्ये घ्या’ अशी ही विनंती. सहीच्या जागी असतो ‘एलजीटीएम’ असा शेरा, म्हणजे ‘बघितलं, बरं दिसतंय’. एआय आल्यापासून कोड लिहिण्याचा वेग प्रचंड वाढलाय. वाचणाऱ्याचे डोळे मात्र दोनच आहेत.

लिहिणं स्वस्त, वाचणं महाग

ऑक्टोबर २०२४मध्ये गुगलचे सीईओ सुंदर पिचाई यांनी सांगितलं, की कंपनीतल्या नव्या कोडपैकी पाव हिश्श्याहून जास्त कोड एआय तयार करतं. त्यावर खूप मीम्स झाली, ‘आता आपलं काय होणार’ म्हणून चर्चाही झाली. पण त्याच वाक्यात त्यांनी पुढे म्हटलं होतं, की हा कोड इंजिनीअर तपासतात आणि मगच स्वीकारतात. आपल्या करिअरच्या दृष्टीने हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

बाजारालाही ते कळलेलं दिसतं. डिसेंबर २०२५मध्ये कर्सरने ग्राफाइट ही कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर केलं. कर्सर म्हणजे एआयच्या मदतीने कोड लिहायचा एडिटर, तुमच्यापैकी अनेकांच्या लॅपटॉपवर असेल. ग्राफाइटचं काम आहे कोडची तपासणी सोपी करणं. त्यातही तिची खास ओळख म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेले, एकावर एक रचलेले पीआर सांभाळणारं कमांड लाइन टूल. कोड झटपट लिहून देणाऱ्या कंपनीला तपासणीचं टूल घ्यावंसं वाटलं, म्हणजे गाडी आता कुठे अडतेय ते स्पष्ट आहे.

माणूस एका बैठकीत किती कोड नीट वाचू शकतो, याचा अभ्यासही झालाय. स्मार्टबेअर या कंपनीने सिस्कोमध्ये केलेल्या पाहणीतून निघालेला आकडा आजही सांगितला जातो : एका वेळी २०० ते ४०० ओळी. त्यापुढे चुका सापडण्याचं प्रमाण घसरतं. गुगलच्या इंजिनीअरांसाठीच्या जाहीर मार्गदर्शक सूचना आणखी कडक आहेत. साधारण १०० ओळींचा बदल ठीक, १००० ओळींचा बहुतेक वेळा फारच मोठा, असं त्या सांगतात. आणि आपण? एआयला एक प्रॉम्प्ट देऊन दोन हजार ओळींचा पीआर टाकतो आणि वर ‘भाई, अप्रूव्ह कर ना पटकन’ असा मेसेज!

थरावर थर

मग मोठं काम करायचंच नाही का? करायचं, पण थर लावून. समजा, कॉलेज फेस्टसाठी नोंदणीचं ॲप बनवताय. त्यात तीन कामं आहेत. एक, डेटाबेसमध्ये नोंदणीचं टेबल. दोन, त्या टेबलात माहिती टाकणारी आणि वाचणारी एपीआय. तीन, ती एपीआय वापरणारी मोबाइलची स्क्रीन. दुसरं काम पहिल्याशिवाय उभं राहत नाही, तिसरं दुसऱ्याशिवाय.

नेहमीच्या पद्धतीत दोनच रस्ते दिसतात. एकतर तिन्ही कामं एका अवाढव्य पीआरमध्ये कोंबायची. नाहीतर पहिला पीआर टाकून, तो मर्ज होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं. रिव्ह्यू करणारा मित्र गावी गेला असेल तर आठवडा गेला.

तिसरा रस्ता असा : मेन ब्रँचवरून टेबलची ब्रँच काढा. एपीआयची ब्रँच मेनवरून नको, टेबलच्या ब्रँचवरून काढा. स्क्रीनची ब्रँच एपीआयच्या ब्रँचवरून. पीआर उघडताना प्रत्येकाचा ‘बेस’ म्हणून त्याच्या खालची ब्रँच निवडा. आता एपीआयचा पीआर उघडणाऱ्याला फक्त एपीआयचेच बदल दिसतात, टेबलचे नाहीत. तिघे मित्र तीन पीआर एकाच वेळी तपासू शकतात आणि तुमचं कामही थांबत नाही. याला म्हणतात स्टॅक.

ही कल्पना नवी नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये मोठा बदल ‘पाचपैकी एक, पाचपैकी दोन’ असे नंबर टाकून पॅचेसच्या मालिकेत पाठवतात आणि प्रत्येक पॅचनंतर कर्नल बिल्ड व्हायलाच हवा असा तिथला दंडक आहे. फेसबुकमध्ये जन्मलेलं फॅब्रिकेटर आणि अँड्रॉइडच्या कामात वापरलं जाणारं गेरिट, दोन्हींत अशी साखळी रुळलेली होती. गिटहबने पीआर घराघरांत पोहोचवला, पण सोबत ‘एक फीचर, एक ब्रँच, एक पीआर’ ही सवयही लावली. आपण सगळे त्याच सवयीत शिकलो.

खालचा हलला की वरचे डगमगतात

दहीहंडीत खालच्या थरातल्या एकाने पाय हलवला की काय होतं ते सांगायला नको. स्टॅकचंही तसंच. टेबलचा पीआर तपासताना मित्र म्हणाला, ‘फोन नंबर इंटिजर का ठेवलास? स्ट्रिंग कर.’ बरोबर आहे त्याचं. तुम्ही खाली दुरुस्ती करता. पण एपीआयची ब्रँच अजून जुन्याच टेबलवर उभी आहे आणि तिच्यावर स्क्रीनची. म्हणजे एकेक ब्रँच उघडा, नव्या पायावर रिबेस करा, कॉन्फ्लिक्ट सोडवा, फोर्स पुश करा. तीन थरांत दोनदा, पाच थरांत चारदा.

त्यात ‘स्क्वॉश मर्ज’ असेल तर आणखी वैताग. स्क्वॉश केल्यावर टेबलचे सगळे कमिट मिळून मेनवर एक नवा कमिट तयार होतो. एपीआयच्या ब्रँचमध्ये मात्र जुने कमिट तसेच असतात. गिटला दोन्ही वेगळे वाटतात आणि तुम्हीच लिहिलेल्या ओळींवर तुमच्याशीच कॉन्फ्लिक्ट दाखवतो. इथे बरेच जण हात टेकतात आणि पुन्हा एका मोठ्या पीआरकडे वळतात.

कमांड लाइन टूलची गरज पडते ती इथे. कोणती ब्रँच कोणाच्या डोक्यावर उभी आहे, हे टूल लक्षात ठेवतं. ग्राफाइटच्या ‘जीटी’ या कमांडचं उदाहरण घ्या. ‘क्रिएट’ म्हटलं की सध्याच्या ब्रँचवर नवा थर चढतो. ‘मॉडिफाय’ने खालच्या थरात दुरुस्ती केली की वरचे थर नव्या पायावर आपोआप रचले जातात. ‘सबमिट’ला स्टॅकचा पर्याय दिला की सगळे पीआर एकदम उघडतात किंवा अपडेट होतात. ‘सिंक’ मेनवरचे नवे बदल आणून, मर्ज झालेल्या ब्रँच साफ करायला विचारतं. कॉन्फ्लिक्ट आलाच तर तो सोडवायचा तुम्हालाच. फक्त त्याच त्या कमांड पुन्हा पुन्हा मारणं वाचतं.

वेगळं काही इन्स्टॉल करायचं नसेल तर गिटमध्येही थोडी सोय आहे. २०२२मधल्या २.३८ आवृत्तीत रिबेसला ‘अपडेट-रेफ्स’ हा पर्याय आला. सर्वांत वरच्या ब्रँचवर उभं राहून एकदा रिबेस केलं की मधल्या ब्रँचही सोबत सरकतात. त्याच वर्षी मेटाने सॅपलिंग हे स्वतःचं टूल सर्वांसाठी खुलं केलं, त्यातही स्टॅकचाच विचार आहे.

टूल काय करणार नाही

आता थोडं सावध. पहिली गोष्ट, काम कुठे तोडायचं हे टूल सांगत नाही. दोन हजार ओळींचे डोळे मिटून चार तुकडे केले तर चार न समजणारे पीआर होतात. प्रत्येक थर स्वतःच्या पायावर चालला पाहिजे आणि त्याचं कारण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

दुसरी, एकमेकांशी संबंध नसलेली कामं स्टॅकमध्ये घालू नका. लोगोचा रंग बदलायचा असेल तर तो सरळ मेनवरून. उगाच टेबलच्या डोक्यावर बसवला तर टेबल अडकलं की लोगोही अडकला. थरही मोजकेच ठेवा. आठ थर हंडीला शोभतात, रिव्ह्यूला नाही.

तिसरी, रिबेसनंतर फोर्स पुश लागतोच. त्याच ब्रँचवर मित्रही काम करत असेल तर त्याचं काम पुसलं जाऊ शकतं. म्हणून ‘फोर्स विथ लीज’ वापरा आणि ग्रुपवर आधी सांगा.

चौथी, ओपन सोर्स किंवा समर ऑफ कोडची तयारी करणाऱ्यांसाठी. दुसऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही फोर्कमधून पीआर पाठवता. गिटहबवर पीआरचा बेस त्या मूळ रिपॉझिटरीतली ब्रँचच असावी लागते आणि तिथे ब्रँच तयार करायची परवानगी तुम्हाला नसते. म्हणजे नेहमीच्या पद्धतीने स्टॅक तिथे जमत नाही. मग छोटे पीआर क्रमाने पाठवा, किंवा एकाच पीआरमध्ये नीट वेगळे केलेले कमिट ठेवा आणि वर्णनात कोणता कमिट आधी वाचायचा ते लिहा. तपासणारा माणूस बहुतेक वेळा नोकरी सांभाळून हे करतोय, फुकट. त्याचा अर्धा तास वाचवणाऱ्याचा पीआर आधी उघडला जाणार, हे साधं गणित आहे.

व्हायवाला हेच विचारतात

हे सगळं कंपनीत गेल्यावर शिकू, असं वाटू शकतं. पण नोकरीत पहिल्या दिवसापासून तुमचा कोड कोणीतरी वाचणार आहे. आणि कोड एआयने लिहिला असला तरी ‘हे असं का केलं?’ हा प्रश्न तुम्हालाच येणार. फायनल इयरच्या व्हायवात येतो, इंटरव्ह्यूत येतो, रात्री दोन वाजता सर्व्हर पडल्यावरही येतो. काम तीन थरांत मांडताना तुम्हाला ठरवावंच लागतं की कशाच्या आधी काय आणि का. तेवढं ठरवता आलं नाही, तर कोड चालतोय पण आपल्याला कळलेला नाही, हे स्वतःपुरतं तरी मान्य करावं लागतं. दोन हजार ओळींच्या गठ्ठ्यात ते लपतं.

या सेमच्या प्रोजेक्टवर प्रयोग करून बघा. एआयला प्रॉम्प्ट देण्याआधी वहीत तीन ओळी लिहा : पहिला थर, दुसरा थर, तिसरा थर. एकेक थर बनवा, ग्रुपमधल्या एकेकाला तपासायला द्या आणि एकच अट घाला : किमान एक प्रश्न विचारल्याशिवाय अप्रूव्ह करायचं नाही. पहिल्या आठवड्यात वेग कमी झाल्यासारखा वाटेल. पण चौथ्या प्रयोगातली ती चूक बहुधा याच वेळी कोणाच्या तरी नजरेला पडेल.