मोसम संपल्यावरची यादी

क्रिकेटचा मोसम संपला की आमच्या चेन्नईच्या घरात खरा सामना सुरू होतो. पुढच्या वर्षी सुपर किंग्जमध्ये कोण हवं नि कोण नको?

२०२५ साली तर वहीच काढावी लागली. पाच वेळा आयपीएल जिंकलेला हा संघ त्या वर्षी प्रथमच अगदी तळाला, दहाव्या क्रमांकावर गेला. कर्णधार, आपला पुण्याचा ऋतुराज गायकवाड, कोपराच्या दुखापतीमुळे मध्येच बाहेर पडला. त्याच्या जागी आलेल्या सतरा वर्षांच्या आयुष म्हात्रेने बंगळूरविरुद्ध ९४ धावा काढल्या.

आमच्या चिरंजीवांनी फर्मान काढलं, "ऋतुराज आणि आयुष ठेवायचे. यष्टिरक्षक नवा हवा. जुने सगळे बदला!"

"आणि जडेजा?" सासूबाईंनी विचारलं. २०२३ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या दोन चेंडूंवर षटकार नि चौकार मारून त्याने करंडक आणला, हे त्या विसरल्या नव्हत्या. त्याचं नाव त्यांनी सर्वांत वर लिहायला लावलं.

नोव्हेंबरात बातमी आली. जडेजा आणि सॅम करन राजस्थानला. बदल्यात यष्टिरक्षक संजू सॅमसन चेन्नईला. नातवाचा हिशेब बरोबर ठरला, पण तो काही हसला नाही. आजीने पेन मागितलं. जडेजाचं नाव खोडलं नाही; पुढे फक्त ‘राजस्थान’ असं लिहिलं.

संघ नवा करावाच लागतो. पण हिशेब जुळला म्हणून ऋण फिटतं थोडंच?