फेणेचं वय

कुमारांसाठी लिहिलेल्या पुस्तकमालिकेवर चित्रपट निघाला की वाचलेली मंडळी आधी काय गळलं ते मोजतात. अमुक प्रसंग नाही, तमुक पात्र नाही, शेवट बदलला. तक्रार रास्त असते. पण तिच्याआधी एक गोष्ट तपासायला हवी: नायकाचं वय तेच ठेवलं आहे का? वय बदललं तर बाकीचं जसंच्या तसं ठेवूनही हाती काही लागत नाही. मराठीत याचं सर्वांत ठळक उदाहरण आपल्या फास्टर फेणेचं आहे.

भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा. पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, हडकुळा, सायकल दामटणारा आणि संधी मिळताच तोंडाने 'ट्टॉक' करणारा. वीस पुस्तकांत तो प्रतापगडावर गेला, काश्मीरला गेला, चक्रीवादळात सापडला, पण शाळकरीच राहिला. भागवतांनी त्याला मोठं होऊ दिलं नाही, आणि त्यात त्यांची कथाकार म्हणून फार मोठी समज आहे. फेणेच्या साहसांच्या मुळाशी पुन्हा पुन्हा एकच अडचण असते. त्याला काहीतरी दिसलेलं असतं, खटकलेलं असतं, आणि मोठी माणसं ते मनावर घेत नाहीत. पोराच्या शब्दाला वजन नाही, खिशात पैसा नाही, रात्री बाहेर पडायची परवानगी नाही. म्हणून त्याला स्वतःलाच धावावं लागतं. त्याचा वेग तिथून येतो. वाचणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या पोराला हे सगळं घरून माहीत असतं, त्यामुळे फेणे जिंकला की तोही जिंकतो.

२०१७ साली आदित्य सरपोतदारांनी 'फास्टर फेणे' पडद्यावर आणला. अमेय वाघचा फेणे वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात येतो, तिथे भेटलेला एक परीक्षार्थी मरण पावतो, ती आत्महत्या ठरवली जाते आणि तिचा माग काढत फेणे परीक्षांच्या बाजारापर्यंत पोचतो. गिरीश कुलकर्णींचा खलनायक अंगावर येतो. दिलीप प्रभावळकर चक्क भा. रा. भागवत म्हणून समोर येतात. बालसाहित्यिकाला असा मान मराठी पडद्यावर क्वचितच मिळाला असेल, आणि तो पाहून मनापासून बरं वाटतं. रहस्यपट म्हणून चित्रपट बांधेसूद आहे, अमेय वाघ कामात कुठे कमी पडत नाही. तरीही पुस्तकांतला फेणे त्यात नाही. मोठ्या माणसाचं पोलिसांनी ऐकलं नाही तर तो व्यवस्थेतल्या भ्रष्टाचाराचा विषय होतो. लहान मुलाचं ऐकलं नाही तर ती त्याच्या रोजच्या जगण्याची गोष्ट असते. चित्रपटात एक लहान मुलगा आहे, चुणचुणीतही आहे, पण त्याच्याकडे मदतनिसाचं काम दिलेलं आहे. म्हणजे ज्याच्यासाठी भागवतांनी वीस पुस्तकं लिहिली, तो चित्रपटात दुय्यम ठरला.

हीच चूक अमेरिकेत फार महागात पडली. रिक रायर्डन यांच्या पर्सी जॅक्सन मालिकेचं पहिलं पुस्तक २००५ साली आलं. ग्रीक देवाचा मुलगा असलेला पर्सी त्यात बारा वर्षांचा आहे. मालिकेतली पाचही पुस्तकं एका भविष्यवाणीभोवती फिरतात: ज्येष्ठ देवांपैकी एकाचं मूल सोळा वर्षांचं होईल तेव्हा देवलोकाचं भवितव्य ठरेल. बारा ते सोळा, अशी चार वर्षांची मोजणी हाच त्या मालिकेचा कणा आहे. २०१० च्या चित्रपटात पर्सी जवळपास सतरा वर्षांचा करून टाकला. रायर्डन यांनी चित्रीकरणाआधीच निर्मात्यांना पत्रं लिहून याला विरोध केला होता. ती पत्रं त्यांनी पुढे स्वतःच प्रसिद्ध केली. दुसऱ्या चित्रपटात भविष्यवाणीतलं वयच वाढवून वीस करावं लागलं, आणि तिथेच ती चित्रपटमालिका थांबली. पाचांतली तीन पुस्तकं पडद्यावर आलीच नाहीत. २०२३ च्या डिसेंबरात नव्याने मालिका सुरू झाली तेव्हा पर्सी पुन्हा बारा वर्षांचा झाला.

नवल म्हणजे २०१० चा तो चित्रपट ख्रिस कोलंबस यांचा. हॅरी पॉटरचे पहिले दोन चित्रपट त्यांनीच केले होते आणि तिथे अकरा वर्षांच्या हॅरीसाठी त्याच वयाची मुलं निवडली होती. हॅरीच्या सात पुस्तकांचे आठ चित्रपट २००१ ते २०११ या काळात आले, आणि त्यांतूनही बरंच गळलं. हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल याचे आईवडील इस्पितळात भान हरपून पडलेले आहेत आणि आई त्याच्या हातात च्युइंगगमचा रिकामा कागद ठेवते, तो पाचव्या पुस्तकातला प्रसंग चित्रपटात नाही. माझ्या मते सातही पुस्तकांत त्याहून हृदय पिळवटणारं पान नाही. शेवटी पुस्तकात खलनायक व्होल्डेमॉर्ट सगळ्यांसमोर सामान्य माणसासारखा मरून पडतो, त्याचा मृतदेह मागे उरतो. चित्रपटात त्याच्या ठिकऱ्या हवेत विरून जातात. मरणाला घाबरून इतके जीव घेणारा माणूस अखेर इतरांसारखाच मेला, हे सांगायला लेखिकेने सात पुस्तकं खर्ची घातली होती. एवढं हरवूनही ते चित्रपट मुलांनी आपले मानले, कारण तीच मुलं त्यांच्या डोळ्यांसमोर दहा वर्षं वाढत होती.

हे सगळं यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबमध्ये बसून लिहिण्याला कारण आहे. आमच्या चिंतामणीचं मंदिर जमिनीच्या पोटात आहे, पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. तिथलं कुंड इंद्राने गणेशाच्या आराधनेसाठी निर्माण केलं अशी आख्यायिका आहे, आणि काही वर्षांनी त्यातलं पाणी चढून गणपतीच्या पायांना लागतं असं गावात सांगतात. पाच वर्षांचं पोर हे ऐकून हात जोडतं. विशीतला तरुण भूजलाची पातळी वगैरे बोलतो. बारा-तेरा वर्षांचा मुलगा मात्र पायरीवर थांबतो. त्याचा इंद्रावर विश्वास असतो आणि पाणी येतं कुठून हेही त्याला शोधायचं असतं. अद्भुतकथा लिहिली जाते ती याच मुलासाठी. विश्वास आणि शंका एकाच वेळी बाळगणारी ही दोन-चार वर्षं पुन्हा येत नाहीत, आणि ती वाढवून-घटवून पडद्यावर दाखवता येत नाहीत.

तालुक्याच्या गावात तर ही वर्षं आणखीच मौल्यवान आहेत. दहावी झाली की यवतमाळ, वर्धा, नागपूर, लातूर. शिकवण्या, वसतिगृहं, नीट, जेईई. गावात मनसोक्त भटकायचं, कोणी विचारलं नाही तरी कशाचा तरी छडा लावायचा काळ त्याआधीचा. अशा मुलासमोर फेणे आला तो प्रवेश परीक्षेचा परीक्षार्थी होऊन. जे चार वर्षांनी त्याच्या मानगुटीवर बसणारच आहे, तेच त्याला गोष्टीतही मिळालं. मला या चित्रपटाबद्दल वाईट वाटतं ते इथे.

असं का झालं हे समजू शकतं. फेणे वाचून वाढलेले आज तिशी-पन्नाशीत आहेत, तिकीट तेच काढतात, आणि चित्रपट त्यांच्या आठवणींसाठी झाला. पण मराठीत मुलांना पेलवणार नाही असं कोणी म्हणू नये. दूरदर्शनवर किशोरवयातल्या सुमीत राघवनने फेणे केला होता, जॉय घाणेकरने गोट्या केला होता. 'श्वास', 'फँड्री', 'किल्ला', 'एलिझाबेथ एकादशी' हे चित्रपट पोरांनीच खांद्यावर पेलले. 'सैराट'साठी नागराज मंजुळेंना अकलूजची शाळकरी रिंकू राजगुरू सापडलीच की. उणीव आहे ती साहसाच्या आणि अद्भुताच्या गोष्टी अशा पोरांच्या हाती देण्याची. दुःखाच्या गोष्टी आपण त्यांच्यावर विश्वासाने सोपवतो, पराक्रमाची गोष्ट आली की मोठा नट शोधतो.

पुढचा फेणे जो कोणी करेल त्याने तेरा वर्षांचा मुलगा घ्यावा, किंवा मुलगी घ्यावी, आणि निवड पुण्या-मुंबईत उरकू नये. यवतमाळ जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत फिरावं. गोष्टीला जागा हवी तर जमिनीखालचं मंदिर इथे आहे, कपाशीची शिवारं आहेत, आणि फेब्रुवारी २०२४ पासून कळंबहून वर्ध्याला जाणारी रेल्वेही आहे. चित्रपट येईल तेव्हा येईल. तोवर शाळांनी फेणेचा वीस पुस्तकांचा संच कुलूपबंद कपाटात न ठेवता सातवी-आठवीच्या वर्गात, पोरांच्या हाताला येईल असा ठेवावा. हॅरी पॉटरही मंजुल प्रकाशनाने मराठीत आणला आहे. टीव्हीवर तो हिंदीत पाहिलेल्या पोरांना तो मराठीत वाचता येतो, हे निदान कोणीतरी सांगावं.