नर्सिंग कॉलेज कुणाच्या मताने चालते?



दरवर्षी १२ मे रोजी जागतिक परिचारिका दिन साजरा होतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार घातला जातो, दिवा पेटवला जातो, विद्यार्थिनी शपथ घेतात. मग कुणी अधिष्ठाता, कुणी संस्थाचालक, कुणी आमदार उभे राहून परिचारिका म्हणजे मातृत्वाची मूर्ती, त्यागाची देवता असे सांगतात. टाळ्या वाजतात. दुसऱ्या दिवशी त्याच विद्यार्थिनी वॉर्डात चाळीस-पन्नास रुग्णांमागे धावत असतात आणि त्यांचे कॉलेज कसे चालावे याविषयी त्यांचे मत कुणी विचारत नाही.

स्त्री-चळवळीने दवाखान्याकडे आजवर बहुतेक वेळा रुग्ण स्त्रीच्या बाजूने पाहिले. गर्भनिरोधकांचे प्रयोग, गर्भलिंगचिकित्सा, बाळंतपणातली हेळसांड या सगळ्यांवर आपण बोललो, मोर्चे काढले, कायदे करवून घेतले. खाटेच्या पलीकडे उभ्या असलेल्या बाईकडे मात्र आपले तितके लक्ष गेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे २ कोटी ७९ लाख परिचारिका-परिचारक होते आणि त्यांत दहापैकी नऊ स्त्रिया होत्या. इतक्या स्त्रिया ज्या व्यवसायात आहेत, त्याचे शिक्षण देणाऱ्या विद्यापीठीय संस्था कशासाठी चालतात, कोण चालवते आणि तिथे कुणाला जागा मिळते, हे तीन प्रश्न आपले प्रश्न आहेत. या संपादकीयात ते मांडायचे आहेत.

आधी थोडा इतिहास. गेल्या शतकाच्या आरंभी पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विधवा आणि गरजू स्त्रियांना ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास पाठवायला सुरुवात केली, तेव्हा समाज नाराज होता. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचे, रात्री घराबाहेर राहायचे ही कामे 'चांगल्या घरच्या' बाईची नव्हेत, असेच मानले जाई. या नाराजीत जात होती आणि बाईपणाविषयीची भीतीही होती. पुढे १९४६ साली भोर समितीने परिचारिकांचे शिक्षण पदवीच्या दर्जाचे व्हावे असे सांगितले आणि त्याच साली दिल्ली व वेल्लोर येथे चार वर्षांचे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने १९६४ साली लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय काढले. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या स्त्रियांच्या विद्यापीठात परिचर्येला स्थान मिळाले, ही गोष्ट साधी नव्हे.

विद्यापीठात जाण्याने काय बदलायचे होते? इस्पितळाच्या जुन्या नर्सिंग स्कूलमध्ये मुलगी शिकायला येई, पण पहिल्या काही महिन्यांतच ती वॉर्डाची हक्काची कामकरीण होऊन जाई. तिच्या जेवणाखाण्याची सोय झाली की तिच्या श्रमांचा हिशेब मिटला, अशी पद्धत होती. पदवी शिक्षणाचा हेतू असा की ती आधी विद्यार्थिनी असावी, मग हातभार लावणारी. तिला शास्त्र यावे, प्रश्न विचारता यावा, डॉक्टरांची चूक दिसली तर ती सांगण्याइतके ज्ञान आणि धीर तिच्यापाशी असावा. आजच्या कोणत्याही नर्सिंग कॉलेजला हीच पहिली कसोटी लावून पाहावी. स्वतःचे इस्पितळ असलेल्या किती संस्थांत विद्यार्थिनीच्या रात्रपाळ्या तिच्या अभ्यासक्रमाप्रमाणे लागतात आणि किती ठिकाणी रिकाम्या जागा भरण्यासाठी लागतात?

आता उद्दिष्टांकडे वळू. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर सेवा, करुणा, शिस्त, गुणवत्ता असे शब्द असतात. करुणेला आमचा विरोध नाही. पण 'सेवा' हा शब्द बाईच्या वाट्याला आला की त्यातून मोबदला आणि अधिकार हे दोन्ही अलगद गळून पडतात, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. घरात जे घडते तेच वॉर्डात घडते. कॉलेज काय शिकवते हे उद्दिष्टांच्या यादीपेक्षा पाठ्यपुस्तकातून जास्त कळते. एप्रिल २०२२ मध्ये परिचर्येच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या समाजशास्त्राच्या एका पाठ्यपुस्तकातले पान सगळीकडे फिरले. त्यात हुंड्याचे फायदे सांगितले होते, रूपाने डाव्या मुलींची लग्ने हुंड्यामुळे जमतात असेही. भारतीय परिचर्या परिषदेने त्याचा निषेध केला आणि हा मजकूर आपल्याला मान्य नसल्याचे जाहीर केले. ठीक झाले. पण ते पुस्तक वर्गात किती वर्षे वाचले गेले, त्यावर परीक्षेत किती उत्तरे लिहिली गेली आणि एकाही शिक्षिकेला ते पान फाडून टाकावेसे का वाटले नाही? की वाटले, पण तसे सांगण्याची जागाच तिला नव्हती? जळालेली सून इस्पितळात आणली जाते तेव्हा तिच्या जखमा धुणारी आणि रात्री तिच्या उशाशी असणारी नर्सच असते. तिने हुंड्याविषयी काय शिकलेले आहे यावर त्या सुनेचा जबाब अवलंबून असू शकतो.

चांगलेही घडते आहे, ते नोंदवले पाहिजे. बी. एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात न्यायवैद्यक परिचर्या आणि भारतीय कायदे यांची ओळख करून देणारा भाग आला आहे. केंद्रीय आरोग्य खात्याने २०१४ मध्ये लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तींच्या तपासणी व उपचारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये 'दोन बोटांची चाचणी' करणे हे गैरवर्तन ठरेल असे बजावले आणि वैद्यकीय अभ्यासक्रमही तपासायला सांगितले. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'सेहत' आणि मुंबई महानगरपालिका यांनी मिळून सुरू केलेल्या 'दिलासा' केंद्राने घरगुती हिंसेने जखमी झालेली बाई ओळखणे हे आरोग्यसेवेचेच काम आहे हे दाखवून दिले. हे सारे कॉलेजच्या वर्गात पोहोचले तर 'सेवा' या शब्दाला वेगळा अर्थ येईल.

दुसरा प्रश्न कारभाराचा. महाराष्ट्रातली बहुतेक नर्सिंग कॉलेजे १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. तिथे वैद्यकाची, दंतवैद्यकाची, आयुर्वेदाची, होमिओपॅथीची विद्याशाखा वेगळी आहे, परिचर्या मात्र 'संलग्न आरोग्य विज्ञान' या गाठोड्यात आहे. रुग्णालयात ज्यांच्यावाचून एक तास निघत नाही, त्यांची विद्या विद्यापीठाच्या लेखी कुणाला तरी 'संलग्न'! नाव बदलल्याने सगळे बदलत नाही, पण स्वतंत्र विद्याशाखा म्हणजे स्वतंत्र अधिष्ठाता, निर्णयाच्या टेबलापाशी हक्काची खुर्ची.

देशपातळीवर १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला. आयोगाचा अध्यक्ष परिचर्या क्षेत्रातलाच असावा, ही त्यातली स्वागतार्ह तरतूद. परंतु जुन्या परिषदेत राज्याराज्यांतून निवडून आलेल्या प्रतिनिधी असत, नव्या रचनेत भर नेमणुकीवर आहे. जुन्या परिषदांचा कारभार निर्मळ होता असे कुणीच म्हणणार नाही. तरी निवडणूक वाईट झाली म्हणून मताचा हक्कच काढून घ्यायचा का? ग्रामपंचायतीत बाईला खुर्ची मिळावी म्हणून झगडणाऱ्या आपण सर्वांनी हे विचारायलाच हवे.

कॉलेजच्या पातळीवर चित्र आणखी स्पष्ट दिसते. प्राचार्या बाई असते, पण बहुतेक खासगी संस्थांत नेमणुका, पैसा आणि इमारत विश्वस्तांच्या हाती असते. विद्यार्थी परिषद स्नेहसंमेलनापुरती. वसतिगृहाची वेळ, मोबाइल ठेवायचा की नाही, कुणाला भेटायचे याचे नियम वीस-बावीस वर्षांच्या सज्ञान मुलींसाठी त्यांना न विचारता ठरतात. शिस्तीच्या नावाखाली मान खाली घालायला शिकवलेली मुलगी उद्या चुकीच्या औषधाला 'थांबा' कशी म्हणेल?

याची किंमत काय असते ते मुंबईच्या केईएम रुग्णालयाने पाहिले आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर एका वॉर्डबॉयने ड्यूटीच्या जागीच पाशवी हल्ला केला. त्याला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची, बलात्काराचा आरोप ठेवलाच गेला नाही. अरुणा बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयात अंथरुणावर होत्या. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या, तोवर परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दयामरणाची याचिका फेटाळली, तेव्हा अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिची काळजी घेणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे हे मान्य केले. ज्यांनी सांभाळ केला त्यांच्या शब्दाला मान, हे तत्त्व न्यायालयाला पटले. कॉलेजे आणि रुग्णालये चालवणाऱ्यांना ते कधी पटणार?

आज २०१३ चा कायदा आहे, उच्च शिक्षणसंस्थांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम आहेत. तक्रार विद्यार्थ्यांसंबंधी असेल तर समितीत निवडून आलेल्या विद्यार्थी प्रतिनिधी हव्यात, असे ते नियम सांगतात. पण नर्सिंगच्या विद्यार्थिनीचा अर्धा दिवस कॉलेजात जातो आणि अर्धा इस्पितळात. त्रास देणारा डॉक्टर असेल, रुग्णाचा नातेवाईक असेल, तर कॉलेजची समिती म्हणते रुग्णालयाकडे जा, रुग्णालय म्हणते ती आमची कर्मचारी नाही. या फटीत किती तक्रारी गडप होत असतील! दोन्ही समित्यांनी एकत्र बसून जबाबदारी लेखी ठरवावी, एवढे तरी प्रत्येक कॉलेजात झालेच पाहिजे.

तिसरा प्रश्न, आत कोण येते? ए. एन. एम. चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम खेड्यातली, गरीब घरातली मुलगी घेते. जी. एन. एम. तीन वर्षांचा. बी. एस्सी. साठी बारावीला विज्ञान हवे, इंग्रजी हवे. म्हणजे ही नुसती शिक्षणाची पायरी नाही, जात आणि वर्गाचीही पायरी आहे. उपकेंद्रात पंधरा वर्षे बाळंतपणे करणाऱ्या ए. एन. एम. बाईला पदवीपर्यंत जाण्याची वाट इतकी अरुंद का? महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मागास व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. चांगलेच झाले. पण वसतिगृह, गणवेश, पुस्तके आणि गावाहून येण्याजाण्याचा खर्च राहतोच, आणि मुलगी गळते ती बहुधा तिथेच.

अपंगांसाठी ५ टक्के जागा आहेत, पण परिषदेच्या नियमांप्रमाणे त्या पायाचे ४० ते ५० टक्के अपंगत्व असणाऱ्यांपुरत्याच. ऐकू कमी येणारी, पण यंत्र लावून उत्तम काम करू शकणारी मुलगी समुपदेशनात, शिक्षणात, समाज-आरोग्यात का नको? तृतीयपंथी व्यक्तींना २०१४ च्या निकालाने ओळख दिली, वसतिगृहात खोली अजून दिलेली नाही. मुलगे या क्षेत्रात येत आहेत, त्यांचे स्वागत. काळजी घेणे हे फक्त बाईचे काम नाही हे त्यांच्यामुळेच सिद्ध होईल. मात्र मोजक्या पुरुषांना वरच्या जागा लवकर आणि स्त्रिया वॉर्डातच, असे होऊ नये याकडे डोळे उघडे ठेवून पाहायला हवे.

आणि लग्न! लष्करी परिचर्या सेवेतल्या लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ मध्ये केवळ लग्न केले म्हणून नोकरीतून काढले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा उघड लिंगभेद ठरवून साठ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. न्याय मिळाला, पण मधे छत्तीस वर्षे गेली. तो नियम १९९५ मध्येच मागे घेतला होता, तरी विवाहित वा गरोदर विद्यार्थिनीकडे कॉलेज आजही कोणत्या नजरेने पाहते, हे तिलाच विचारा.

शिक्षण संपल्यावर काय, हेही कॉलेजने टाळू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये सांगितले की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार. ही शिफारस किती कॉलेजे आपल्या शेवटच्या वर्षाच्या मुलींना वाचून दाखवतात? मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणाऱ्या बाँडवर सही करू नका, असे सांगतात?

म्हणून वाचक मैत्रिणींना आणि गटांना आमची विनंती आहे. आपल्या जिल्ह्यातल्या नर्सिंग कॉलेजात जा. तक्रार निवारण समिती आहे का, तिच्यावरची बाहेरची सदस्य कोण, हे विचारा. कायद्याने ती स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली किंवा लैंगिक छळाच्या प्रश्नांची जाण असलेली असावी लागते, म्हणजे ती जागा आपली आहे. ती संस्थाचालकांच्या नात्यातल्या बाईंना देऊ देऊ नका. रात्रपाळीचे तक्ते आणि वसतिगृहाचे नियम पाहा, समाजशास्त्राचे पुस्तक उघडून वाचा. मुलींना आपल्या बैठकीला बोलवा आणि त्यांच्या संघटनांच्या लढ्यात उभ्या राहा. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा आपल्यातल्या किती गटांनी पाठिंब्याचे पत्र तरी दिले?

जे दिसेल, जे ऐकाल ते आम्हाला लिहून कळवा, नावे गुप्त ठेवून पुढच्या अंकांतून ते मांडू. पुढच्या १२ मे रोजी भाषणे होतील तेव्हा व्यासपीठावर एक खुर्ची विद्यार्थिनींच्या निवडून आलेल्या प्रतिनिधीची असावी आणि तिने आपल्या मागण्या स्वतः वाचून दाखवाव्यात. एवढे एका जिल्ह्यात घडवले, तरी दुसऱ्या जिल्ह्याला वाट सापडेल.