लोहेतर ओतकामाचे खरे सामर्थ्य

विजापूरच्या बुरुजावरील मलिक-ए-मैदान तोफ ज्यांनी पाहिली आहे, त्यांस तिच्यापुढे क्षणभर स्तब्ध झाल्याचे स्मरत असेल. तांबे व कथील यांच्या मिश्रणाची, सुमारे 55 टन वजनाची ही तोफ 1549 साली अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, ओतली गेली. त्याच जिल्ह्यात दायमाबाद येथे 1974 साली जमिनीखाली सापडलेले रथ, रेडा, हत्ती व गेंडा हे भरीव ओतीव पुतळे तर तोफेहून कितीतरी प्राचीन असून त्यांचे एकत्रित वजन 60 किलोंहून अधिक आहे. धातू वितळवून साच्यात ओतण्याची विद्या या भूमीस परकी नव्हती, हे यावरून निर्विवाद सिद्ध होते. परंतु आजोबांचे प्रशस्तिपत्र दाखवून नातवाचा माल खपवू पाहणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

हा विषय आज काढण्यास सबळ कारण आहे. जलजीवन मिशन 2019 साली सुरू झाल्यापासून गावोगाव नळ जोडले जात आहेत, त्यांस पितळ व गनमेटलच्या झडपा लागतात. वाहनांचे वजन घटविण्यासाठी लोखंडाच्या जागी ॲल्युमिनियमचे ओतीव भाग बसविले जात आहेत. जहाजांचे पंखेही विशिष्ट कांस्य मिश्रधातूचेच ओततात. अशा वेळी प्रत्येक ओतशाळा आपल्या माहितीपत्रकात मोठी यादी देते: अमुक इतके धातू आम्ही ओततो, शंभर ग्रॅमपासून टनापर्यंत कोणताही भाग करतो. आमचा प्रश्न एवढाच की, या यादीवरून सामर्थ्य सिद्ध होते काय? आमच्या मते होत नाही.

कारण भट्टीत नेमके काय घडते ते पाहावे. तांबे 1085 अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही, उलट जस्त 907 अंशांसच उकळू लागते. म्हणून पितळेची मूस गरजेपेक्षा अधिक काळ तापत राहिली की पांढऱ्या धुराच्या रूपाने जस्त उडून जाते. मुशीत घातलेले प्रमाण एक आणि साच्यात उतरलेले दुसरे, असा प्रकार होतो. तोच धूर कारागिराच्या फुप्फुसात जाऊन त्यास रात्री ताप भरतो, ही गोष्टही मालकांनी विसरू नये. ॲल्युमिनियमची तऱ्हा वेगळी. ओलाव्यातील हायड्रोजन ते वितळलेल्या स्थितीत शोषून घेते व गोठताना बाहेर टाकते. वायू निघण्यास वाट न मिळाल्यास आत सूक्ष्म छिद्रे राहतात. शिवाय गोठताना ते आकारमानाने सुमारे 6 टक्के आक्रसते. ती तूट भरून काढण्यास साच्यात जादा रसाची सोय केली नसेल, तर पोटात पोकळी पडते. बाहेरून मात्र भाग चकचकीत दिसतो.

कच्च्या मालाचेही तसेच. आपला देश वर्षास 40 लाख टनांहून अधिक ॲल्युमिनियम खनिजापासून काढतो, तरी ओतकामास लागणारी पुष्कळशी मोड परदेशांतून येते. मोड वापरणे हा दोष नव्हे. ती न पारखता वापरणे हा दोष होय. तीत लोखंडाचा अंश वाढला तर भाग ठिसूळ होतो, आणि एकदा मिसळलेले लोखंड काढून टाकणे फार कठीण असते.

तेव्हा ओतशाळेचे सामर्थ्य धातूंच्या संख्येत किंवा भट्टीच्या आकारात नसून, पहिला नग जसा निघाला तसाच हजारावा निघेल आणि तसा तो निघाला हे पुराव्याने दाखविता येईल, यात आहे. प्रत्येक ओतीचा रासायनिक तपास, दाबाखाली गळतीची परीक्षा, महत्त्वाच्या भागांचे क्षकिरण चित्र आणि या सर्वांची नोंदवही, हाच तो पुरावा.

कायद्याची दृष्टीही याहून निराळी नाही. 1930 च्या माल विक्री अधिनियमाच्या कलम 16 अन्वये, ग्राहकाने आपला हेतू सांगितला व विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबून त्याच्या नित्य व्यवसायातील माल घेतला, तर माल त्या हेतूस योग्य असलाच पाहिजे, अशी अट करारात गृहीत असते. परंतु जो ग्राहक हेतूच सांगत नाही, केवळ किलोचा भाव विचारतो, त्यास हा आधार कितपत मिळणार?

आमच्या व्यापारी बंधूंस राग आला तरी चालेल, पण दोषाचा मोठा वाटा खरेदीदाराचा आहे. झडप वजनावर आणि चकाकीवर घ्यावयाची, सरकारी निविदा सर्वांत कमी दरास द्यावयाची, आणि मग गळती लागली की देशी मालास नावे ठेवावयाची, हा न्याय कोणता? 85 भाग तांबे आणि कथील, शिसे, जस्त प्रत्येकी 5 भाग असे ठरलेले गनमेटल प्रामाणिकपणे ओतणारा मनुष्य, महाग कथिलात हात आखडणाऱ्यापुढे भावात हरणारच.

कोणी म्हणतील की, परीक्षेची यंत्रे लहान ओताऱ्यास परवडणार नाहीत. एकेकट्यास परवडणार नाहीत हे खरे. पण वीस जणांस मिळून का परवडू नयेत? त्याच अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरानगर येथे 1950 च्या सुमारास शेतकऱ्यांनी एकत्र येऊन सहकारी साखर कारखाना उभारला. शेतकऱ्यांस जे साधले ते ओताऱ्यांस साधू नये, असे मानण्यास आधार नाही. अशा सामाईक प्रयोगशाळेत आमच्या पदवीधर तरुणांनी बसावे व मुशीपाशी जाण्यास लाजू नये. रसाचा रंग पाहून उष्णता सांगणारा वृद्ध ओतारी आणि पुस्तकातून मिश्रधातू शिकलेला पदवीधर यांची भेट होत नाही, ही आमच्या उद्योगाची जुनी व्याधी आहे.

व्यापाऱ्यांनी यापुढे माल घेताना भाव विचारण्यापूर्वी तीन गोष्टी मागाव्यात: धातूचे प्रमाण, परीक्षेचा दाखला आणि ओतीचा क्रमांक. एवढे केले तरी प्रामाणिक ओतारी बाजारात टिकेल, आणि देशी मालाची पत त्याच्याच हातून वाढेल.