देवघर शाळेत हलवू नका

शाळेत धर्मशिक्षण द्यावे, ही मागणी आपल्याकडे दर काही वर्षांनी नव्याने डोके वर काढते. ती करणारी माणसे बहुधा सज्जन, पापभीरू आणि मुलांच्या काळजीने हैराण झालेली असतात. मुले उलट उत्तरे देतात, हातातला मोबाइल खाली ठेवीत नाहीत. तेव्हा शाळेने त्यांच्याकडून गीता पाठ करून घ्यावी, म्हणजे ती वळणावर येतील, असे त्यांना मनापासून वाटते. मी ठाणे-कल्याण पट्ट्यात बरीच वर्षे मास्तरकी केली आहे आणि पालकसभेत ही मागणी पुष्कळदा ऐकली आहे. मला ती साफ अमान्य आहे. ती अमान्य करायला मनुष्य नास्तिकच असावा लागतो असेही नाही. माझ्या घरी देवघर आहे. ते शाळेत नसावे, एवढेच माझे म्हणणे.

२०२४ च्या मे महिन्यात राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने शालेय अभ्यासक्रमाच्या आराखड्याचा मसुदा लोकांपुढे मांडला. मनाचे श्लोक आणि गीतेचा बारावा अध्याय यांच्या पाठांतराची सूचना त्यात होती. शिवाय एका प्रकरणाच्या आरंभी मनुस्मृतीतला श्लोक होता. मनुस्मृतीवरून वादळ उठले, आणि तिचा अभ्यासक्रमात समावेश होणार नाही, असे शिक्षणमंत्र्यांना सांगावे लागले. त्या गदारोळात पाठांतराचा प्रश्न बाजूला पडला. गीतेचा बारावा अध्याय अवघ्या वीस श्लोकांचा. कोणाचाही द्वेष न करणारा, निंदा आणि स्तुती सारखीच मानणारा भक्त कसा असतो, ते त्यात सांगितले आहे. तो शाळेत आल्यावर त्याचे काय होईल, हे मास्तर या नात्याने मी सांगतो. त्याची स्पर्धा होईल, पहिला-दुसरा नंबर निघेल, ज्याचा उच्चार चुकेल त्याला वर्ग हसेल, आणि ज्याचे बक्षीस हुकेल त्याची आई बाईंशी भांडायला येईल. फळाची आशा सोडा म्हणणाऱ्या ग्रंथाची याहून मोठी विटंबना कोणती?

पालकांचे वागणेही पाहण्यासारखे आहे. २०२३ च्या जून महिन्यात कांदिवलीच्या एका शाळेत सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी अजान लावली गेली. पालक संतापून शाळेच्या दारात जमले. त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यात, मीरा रोडला, एका शाळेने बकरी ईदचा कार्यक्रम केला. तिथेही तेच घडले. २०२५ साली कल्याणच्या एका शाळेने टिळा, टिकली आणि बांगड्या यांना मनाई केल्याची तक्रार झाली आणि पालक पुन्हा खवळले. हा शेवटचा संताप मला पूर्णपणे रास्त वाटतो. पहिल्या दोन ठिकाणची अस्वस्थताही मी समजू शकतो. आपल्याला न विचारता आपल्या मुलाला दुसऱ्याच्या उपासनेत उभे केले असे ज्याला वाटते, त्याने जाब विचारावा. पण वर्षानुवर्षे आपल्या शाळांतून श्लोक म्हटले जातात, पूजा होतात, तेव्हा त्याच वर्गातल्या दुसऱ्या धर्माच्या मुलाच्या बापाला काय वाटत असेल, हा विचार आपल्यापैकी कितीजणांच्या मनात आला? आपला धर्म तो संस्कार आणि दुसऱ्याचा तो प्रचार, असा हा एकतर्फी हिशेब आहे. नियम सर्वांना एकच असू शकतो. शाळेने कपाळावर टिळा लावू नये, आणि घरून लावलेला पुसूही नये.

हा नियम कोणी परक्याने आपल्या गळ्यात बांधला, अशी पुष्कळांची समजूत आहे. इतिहास वेगळे सांगतो. १८३९ साली जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याच्या मुंबईतल्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. शहरात एकच खळबळ उडाली, प्रकरण कोर्टात गेले, आणि पालकांनी आपली मुले त्या शाळेतून भराभर काढून घेतली. त्यांना इंग्रजी विद्या हवी होती, पण वर्गात बाटवाबाटवी नको होती. पुढे १८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी शाळांतले शिक्षण धर्मापासून अलग ठेवण्याचे धोरण सांगितले. वर्गात कोणाचाच धर्म न शिकवणारी शाळा ही त्या काळी आपल्या पूर्वजांची ढाल होती. आज आपण संख्येने अधिक आहोत, एवढ्यासाठी ती मोडीत काढायची काय?

टिळकांचे नाव माझ्यापुढे केले जाईल, आणि ते करणे योग्यच आहे. १९०८ साली बार्शीच्या व्याख्यानात राष्ट्रीय शिक्षणाचा विचार मांडताना टिळकांनी धार्मिक शिक्षणाला अग्रस्थान दिले होते. परंतु ते बोलत होते ते सरकारच्या ताब्याबाहेर, लोकांनी आपल्या बळावर चालवायच्या शाळांविषयी. सर्वांच्या करातून चालणाऱ्या शाळांविषयी नव्हे. गांधीजींच्या धर्मनिष्ठेविषयी तर कोणाला शंका नसावी. पण त्यांच्या वर्धा शिक्षणयोजनेत धर्मशिक्षण नव्हते, कारण आज धर्म ज्या रीतीने शिकवले आणि आचरले जातात त्यातून एकीऐवजी भांडणेच निघतील, अशी त्यांना भीती वाटत होती.

आपल्या घटनेचे २८ वे कलम हेच सांगते. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही; आणि सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीवाचून मुलाला धर्मपाठाला वा उपासनेला बसवायचे नाही. “मिशनच्या शाळांना चालते, मग आम्हालाच का नाही?” असे विचारणाऱ्यांनी हे कलम एकदा शांतपणे वाचावे. मिशनच्या सरकारमान्य शाळेलाही तुमच्या संमतीवाचून तुमच्या मुलाला प्रार्थनेला नेता येत नाही. आणि हिंदू विश्वस्तांच्या खाजगी शाळेने संमती देणाऱ्या पालकांच्या मुलांना गीता शिकवली, तर तिला कोणी अडवलेले नाही. प्रश्न संमतीचा आहे. ती शाळा विचारीत नाही, आणि पालक प्रवेशअर्जावर न वाचता सही ठोकून मोकळे होतात.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. एका पालकसभेत एक गृहस्थ मला म्हणाले, “सर, रामरक्षा तुम्हीच शिकवा. आम्हाला वेळ कुठे आहे?” मी विचारले, “तुम्हाला येते?” म्हणाले, “लहानपणी येत होती.” “कोणी शिकवली?” “आजीने.” एवढे बोलून ते गृहस्थ गप्प झाले. डोंबिवली-कल्याणचे आईबाप भल्या पहाटे डबे भरून लोकल गाठतात. घरी दिवेलागण होते तेव्हा आईची गाडी दिवा स्टेशनाशी रखडलेली असते. हा त्यांचा अपराध नव्हे. पण घरात जे आजीच्या मांडीवर होत असे, ते साठ मुलांच्या वर्गात घंटा ते घंटा या वेळात होईल, ही कल्पनाच भाबडी आहे. विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळेना, म्हणून तिने ती मराठीत मागितली. त्या मागणीतून १९३२ साली ‘गीताई’ लोकांच्या हाती आली. साने गुरुजी स्वतः अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. पण नाशिकच्या तुरुंगात लिहायला बसले तेव्हा संस्काराचे सारे श्रेय त्यांनी आईला दिले. आणि डोंबिवलीकरांना तर दूर जायलाच नको. १९९९ साली गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने इथे गुढीपाडव्याची स्वागतयात्रा निघाली आणि ती प्रथा गावोगाव पसरली. त्यासाठी कोणत्याही शाळेच्या वेळापत्रकात तास मागावा लागला नाही.

मग शाळेने धर्माचे नावच काढू नये काय? असे मी मुळीच म्हणत नाही. उपासना शिकवणे निराळे आणि धर्मांची ओळख करून देणे निराळे. हा भेद १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने केला होता, आणि असा अभ्यास घटनेच्या आड येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २००२ साली म्हटले. डोंबिवलीच्या मुलाला रोजा का धरतात ते कळावे, भिवंडीच्या मुलाला वारी म्हणजे काय ते कळावे, आणि १९५६ साली नागपुरात लाखोंनी बौद्ध धम्म का स्वीकारला, हे दोघांनाही कळावे. तुकोबा आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीच्या एकाच पुस्तकात भेटावेत. हे शाळेचे काम आहे आणि ते ती आज धडपणे करीत नाही. त्यासाठी पालकांनी शाळेचा दरवाजा अवश्य ठोठवावा.

दिवाळीची सुट्टी आहे. ज्यांना आपल्या मुलांना स्तोत्रे यावीत असे वाटते, त्यांनी या चार दिवसांत मुलांना जवळ घेऊन ती शिकवावी; स्वतःला येत नसतील तर आजी-आजोबांपाशी मुलांच्या शेजारी बसून शिकावी. आणि सुट्टी संपल्यावर शाळेत जाऊन विचारावे: प्रार्थनेसाठी माझी संमती घेतलीत काय, आणि माझ्या मुलाच्या शेजारी जो बसतो त्याच्या आईबापांची घेतलीत काय?