‘घट्ट आवळा’ म्हणजे नक्की किती?

कागद समोर ठेवूनच लिहितोय. एका मित्राच्या एटीव्हीसाठी मागवलेल्या पुढच्या बंपरबरोबर आलेला सूचनांचा कागद. आठ आकृत्या, सुट्या भागांची यादी आणि नवव्या पायरीत एकच वाक्य. त्याचं मराठी करायचं तर, ‘सर्व बोल्ट घट्ट आवळा.’ बस्स. संपला कागद.

माझं भांडण ह्या एका वाक्याशी आहे.

ज्यांना एटीव्ही माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. चार फुगीर चाकं, मोटरसायकलसारखं हॅंडल, घोड्यावर बसल्यासारखं बसायचं आणि दगड-चिखलातून जायचं. वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिणेला, कोळशाच्या खाणींच्या डोंगरांत हॅटफिल्ड-मकॉय नावाचं अशा वाटांचं मोठं जाळं आहे, २००० साली सुरू झालेलं. आम्ही चार-पाच मराठी टाळकी वर्षातून एकदा तिकडे जातो. जाण्याआधी मित्राच्या गाडीला बंपर हवा होता, झाडाझुडपांपासून रेडिएटर वाचवायला. शनिवारी त्याच्या गॅरेजमध्ये मी तो बसवून दिला. हो, मीच. कागदात सांगितल्याप्रमाणे घट्ट आवळला. हात दुखेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी, फार तर ताशी १५ मैलांच्या वेगाने जात असताना, डावीकडच्या खालच्या ब्रॅकेटचा बोल्ट निघून गेला. बंपर एका बाजूने खाली लोंबला, त्याचं टोक झाडाच्या मुळात अडकलं आणि गाडी जागच्या जागी थांबली. मित्र मात्र थांबला नाही. छाती हॅंडलवर आदळली. दोन बरगड्यांना मुका मार. वेग जास्त असता किंवा उतार असता तर हा लेख लिहायचं मला सुचलं नसतं.

रात्री वहिनींचा फोन आला. ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "भावजी, नीट आवळला होता ना हो तुम्ही?" मी "हो" म्हणालो आणि त्याच क्षणी कळलं की आपल्याला ह्या प्रश्नाचं उत्तर माहीतच नाही. घट्ट आवळला होता म्हणजे किती?

उरलेले तीन बोल्ट तपासले. त्यातले दोन चक्क बोटांनी फिरले!

आता आपल्या धंद्यातलं बोलू. उद्या कुणी मला ‘सिस्टीम फास्ट पाहिजे’ अशी रिक्वायरमेंट दिली तर मी पहिला प्रश्न विचारतो, फास्ट म्हणजे किती मिलिसेकंद? आकडा नसलेली अपेक्षा तपासता येत नाही, आणि जी तपासता येत नाही ती पाळली की नाही हेही सांगता येत नाही. मग काही बिघडलं की लिहिणारा म्हणायला मोकळा, "आम्ही तर सांगितलं होतं." ‘घट्ट आवळा’ हे वाक्य बंपर बसवणाऱ्याच्या उपयोगाचं नाहीच. ते विकणाऱ्याच्या बचावासाठी आहे.

बरं, आकडा देणं अशक्य आहे का? अजिबात नाही. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं, तो त्याचा दर्जा. एम८ मापाचा, ८.८ दर्जाचा बोल्ट, आटे कोरडे असतील तर साधारण २५ न्यूटन-मीटरला आवळतात. एम१० असेल तर साधारण ५०. कुठल्याही तक्त्यात सापडतं. २५ न्यूटन-मीटर म्हणजे २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १० किलोचा जोर. एवढ्याशा जोराने तो बोल्ट दोन भागांना दीड टनाच्या आसपास ताकदीने एकमेकांवर दाबून धरतो.

इथेच बहुतेकांचा (माझाही) गैरसमज असतो. आपल्याला वाटतं बोल्ट म्हणजे खुंटी, बंपर तिच्यावर टांगलेला आहे. तसं नाही. बोल्ट म्हणजे ताणलेली स्प्रिंग. ती ब्रॅकेट आणि फ्रेम एकमेकांवर दाबून धरते आणि त्या दोघांमधलं घर्षण बंपर जागेवर ठेवतं. दाब कमी पडला की दोन भाग आडवे, केसाएवढे का होईना, सरकायला लागतात. आणि भाग असे आडवे सरकू लागले की नट आपोआप उलटा फिरायला लागतो. गेर्हार्ड युंकर ह्या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्ये हे प्रयोग करून दाखवलं. त्याच्या नावाची चाचणी आजही वापरतात. एटीव्हीचा पुढचा भाग म्हणजे दिवसभर चालणारी युंकर चाचणीच!

आता त्या किटमधले दागिने बघा. प्रत्येक बोल्टबरोबर एक स्प्रिंग वायसर. आपल्याकडे कुठल्याही गॅरेजमध्ये विचारा, "स्प्रिंग वायसर टाकलाय, आता सुटायचं नाव नाही." नासाने १९९० मध्ये बोल्ट-नटांवर एक मार्गदर्शिका काढली, त्यात ह्या वायसरबद्दल स्वच्छ म्हटलंय की बोल्ट पूर्ण आवळला की तो सपाट होतो आणि मग साध्या वायसरहून जास्त काही करत नाही. नट अडवायला तो निरुपयोगी. तरी आज किटमध्ये तोच. का? स्वस्त आहे आणि पाहणाऱ्याला धीर येतो.

दुसरं म्हणजे रंग. ब्रॅकेटवर जाड, चकचकीत पावडर कोटिंग. दिसायला झकास. पण वायसरखाली तो थर दबतो, झिजतो, आणि जेवढा तो झिजेल तेवढा बोल्टचा ताण उतरतो. आमच्या ब्रॅकेटवर वायसरखालचा रंग पार निघून पत्रा चमकत होता. जिथे दोन भाग दाबले जातात तिथला रंग खरवडून काढा, नंतर कडेने रंगाचा हात मारा, एवढं लिहायला किती शाई लागते?

आता आक्षेप. हा लेख लिहितोय हे कळल्यावर कोल्हापूरचे माझे काका फोनवर हसले. त्यांनी उभा जन्म उद्यमनगरात काढलाय. "अरे, आम्ही कधी टॉर्क रेंच बघितला नव्हता. हाताला कळतंय की!"

काकांचं बरोबर आहे आणि म्हणूनच माझा मुद्दा पक्का होतो. काकांच्या हाताला कळतं, कारण चुकीचा आवळलेला बोल्ट दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक परत घेऊन यायचं, शिव्यांसकट. असं हजारो वेळा झाल्यावर हात तयार झाला. माझा हात कीबोर्डवर तयार झालाय. वर्षातून दोनदा पाना धरणाऱ्याला ‘घट्ट’ म्हणजे काय हे कळत नाही; तो एक तर कमी आवळतो किंवा लांब पाना लावून आटे घालवतो. मी बहुधा एकाच बंपरवर दोन्ही केलं असणार. आणि हे किट कुणासाठी विकतात? काकांसाठी नाही, माझ्यासाठी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. टॉर्क हे माप तरी कुठे अचूक आहे? लावलेल्या जोरापैकी ९० टक्क्यांच्या आसपास घर्षणातच जातो, उरलेल्या दहा टक्क्यांनी बोल्ट ताणला जातो. तेल लागलेलं असेल तर गणित बदलतं. मान्य. पण ढोबळ आकडा आणि आकडाच नाही, ह्यात फरक आहे की नाही?

तिसरा आक्षेप विकणाऱ्याचा. मी पत्र लिहिलं तर उत्तर आलं की बंपर ‘युनिव्हर्सल’ आहे, प्रत्येक गाडीची फ्रेम वेगळी, आकडा कसा देणार? वा! मग युनिव्हर्सल म्हणून विकता कसा? गाडीच्या बोल्टचे आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात, ते मी बघेन. तुमच्या पिशवीतल्या तुमच्या बोल्टचा आकडा तुम्ही द्या. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने नव्या एटीव्हीला सुरक्षेचं मानक सक्तीचं केलं. गाडी बनवणाऱ्याला ब्रेकचं उत्तर द्यावं लागतं आणि तिच्या नाकावर लावायच्या लोखंडाला मात्र ‘घट्ट आवळा’ पुरतं?

माझी मागणी फक्त चार ओळींची आहे. बोल्टचं माप आणि दर्जा. टॉर्कचा आकडा, कोरड्या आट्यांना की थ्रेडलॉकर लावून तेही. पुन्हा कधी तपासायचं. आणि ह्या बंपरला काय बांधून ओढायचं नाही. शेवटची ओळ विंचवाल्यांसाठी. एटीव्हीचा साधा विंचसुद्धा २,५०० पौंड म्हणजे ११०० किलोच्या वर ओढतो. तो फ्रेमला जोडलेल्या प्लेटवर बसायला हवा, शोभेच्या नळीवर नाही.

ह्या रविवारी आम्ही बंपर पुन्हा बसवला. रंग खरवडला. आटे पुसून निळं थ्रेडलॉकर लावलं. सगळे बोल्ट आधी हातानेच चढवले, बंपर सरळ केला, मग आलटून पालटून टॉर्क रेंचने आवळले. फ्रेमच्या नळीवर जिथे दाब येतो तिथे आत स्लीव्ह घातली, नळी चेपू नये म्हणून. प्रत्येक नट आणि ब्रॅकेटवरून पिवळ्या रंगाची एक रेघ मारली. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. एक दिवस थ्रेडलॉकर वाळू दिलं, अर्धा तास गाडी फिरवली, पुन्हा तपासलं. रेघा जुळलेल्या होत्या.

मग त्या कागदावरचं नववं वाक्य खोडून तिथे पेनने आकडा लिहिला आणि कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सीटखाली ठेवला. वहिनींना फोन केला. "वहिनी, २५ न्यूटन-मीटर." त्यांना काही कळलं नाही, पण ह्या वेळी "हो" म्हणताना माझी जीभ अडखळली नाही.