गाडी घरची, सहल शनिवारची!

सबमिशन संपलं, व्हायवा पार पडली आणि जोडून सुट्टी आली की आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये एकच विषय निघतो, "कुठेतरी जाऊ या रे!" या 'कुठेतरी'चा अर्थ हल्ली कॅम्पिंग असा झालाय. आणि कॅम्पिंग म्हटलं की कुणाच्या तरी घरच्या गाडीवर सगळ्यांचा डोळा जातो. मग मेसच्या टेबलावर चर्चा रंगते ती गाडी 'तयार' करण्याची. एक म्हणतो छतावर तंबू बसवू, दुसऱ्याला समोर एलईडी बार पाहिजेच, तिसरा इन्व्हर्टर सुचवतो, चौथा तर स्प्रिंगा बदलून गाडी दोन इंच उचलायच्या गोष्टी करतो. खर्चाचा आकडा लाखाकडे सरकला की सगळे ताटं उचलतात आणि सहल तिथेच बारगळते.

माझं म्हणणं अगदी उलट आहे. एका रात्रीच्या साध्या मुक्कामासाठी घरची गाडी तयार करायची म्हणजे तिला काही जोडायचं नसतं. तिच्यात काय भरतोय ते मोजायचं आणि ती आहे तशी धडधाकट आहे का ते बघायचं, एवढंच. बाकी सगळं रील बघून डोक्यात शिरलेलं वारं!

यासाठी एक सोपी कसोटी सुचवतो. तिला 'सोमवारची कसोटी' म्हणा. घरची गाडी ही घराची असते, आपल्या प्रोजेक्टचं मॉडेल नव्हे. सोमवारी सकाळी तिच्यातून बाबा कामावर जाणार, धाकटीला क्लासला सोडायचं असणार, आजीला डॉक्टरकडे न्यायचं असणार. तेव्हा शनिवारसाठी गाडीत केलेली कोणतीही व्यवस्था रविवारी रात्री अर्ध्या तासात, पाना न लावता, निघाली पाहिजे. निघत नसेल तर ती करायचीच नाही. भोक पाडायचं नाही, वायर कापायची नाही, वेल्डिंगचं तर नावही काढायचं नाही.

यात कायद्याचाही भाग आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीत असलेल्या आणि उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने वाहनात करू नये. गाड्यांना पुढे लावतात त्या लोखंडी बुलबारवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये कारवाई करायला सांगितलं, ते याच कलमाच्या आधारे. आणि उद्या अपघात झालाच, तर विमा कंपनीला न कळवता केलेला बदल तिच्या हाती आयतं कारण देतो. हप्ते बाबांनी भरायचे आणि क्लेम आपल्या हौसेपायी अडकायचा, हे काही बरं नाही.

आता मोजायचं काय? सगळ्यात आधी वजन. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात, कर्ब वेट आणि ग्रॉस वेट. दोन्हींमधला फरक म्हणजे माणसं आणि सामान मिळून आपल्याला वापरता येणारं वजन. समजा, एका छोट्या गाडीचे हे आकडे ८५० आणि १३०० किलो आहेत. हातात उरले ४५०. सरासरी ६५ किलोची पाच माणसं म्हणजे ३२५. राहिले १२५. त्यात २० लिटरचे पाण्याचे दोन जार ४० किलो, दोन तंबू ८, अंथरूण-पांघरूण १५, शेगडी, भांडी आणि शिधा २०, पाच पिशव्या प्रत्येकी ६ किलोच्या म्हणजे ३०. बेरीज ११३. म्हणजे सगळं बसलं आणि वर १२ किलो उरले! आता यात 'ॲडजस्ट कर ना यार' म्हणत सहावा गडी कोंबा. परवानगी पाचाची असताना तो बेकायदा तर आहेच, पण ५३ किलोंनी गाडी मर्यादेच्या बाहेर जाते. मेकॅनिक्सच्या पेपरात आपण फ्री बॉडी डायग्रॅम काढतो, मग घाट उतरताना हे गणित का विसरतो?

सामान ठेवायचं तेही जड खाली आणि शक्यतो मागच्या सीटच्या पाठीला टेकवून. पाण्याचे जार छतावर चढवले की गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी झुकते. शिवाय अचानक ब्रेक लागला की मोकळा राहिलेला कुकरही डोक्यात बसतो. म्हणून सगळं बांधून ठेवा. दोऱ्या आणि हुक सोमवारच्या कसोटीत पास आहेत.

दुसरी गोष्ट टायर. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर बहुधा हवेच्या दाबाचं स्टिकर असतं. त्यावर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असेल तर तोच घ्यायचा. हवा तपासायची ती टायर थंड असताना, कारण पळून तापलेला टायर दाब वाढवून दाखवतो. टायरच्या कडेला चार अंकी आकडा असतो, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षीच्या खाचेत बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली, टायर संपला. आणि हो, स्टेपनी! तिच्यात हवा आहे का, जॅक चालतो का आणि पाना नटांना बसतो का, हे घरच्या अंगणात बघायचं. रात्री साडेनऊला माळशेजच्या धुक्यात मोबाइलच्या उजेडात नव्हे.

तिसरी गोष्ट ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ताज्या डॉट-३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल शोषल्यावर तोच मापदंड १४० वर येतो. भरलेली गाडी घेऊन उतारभर ब्रेकवर पाय ठेवून आलात, की तापून त्या ऑइलची वाफ होऊ शकते. वाफ दाबली जाते, मग पेडल खाली जातं आणि गाडी काही थांबत नाही. म्हणून ऑइल कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदललेलं हवं. आणि जुन्या ड्रायव्हरकाकांचा नियम पाळायचा, ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. हा नुसता शिष्टाचार नाही, नियमच आहे.

आता झोपायचं बघू. इथे आपल्या लोकांचं एक गृहीत असतं की कॅम्पिंग म्हणजे पोरांचं काम, आई-बाबा आणि आजी-आजोबांनी घरी बसायचं. का बरं? आजीची अडचण एवढीच असते की तिला जमिनीवरून उठता येत नाही. मग तंबू आपल्याला आणि गाडी तिला! मागची सीट दुमडून मोजपट्टीने लांबी घ्या. पुढची सीट सरकवली की बऱ्याच गाड्यांत कर्णात का होईना एका माणसापुरती जागा निघते. व्हॅनमध्ये तर प्रश्नच नाही. मारुतीची ओम्नी १९८४ पासून २०१९ पर्यंत बनत होती. तिने किती कुटुंबांना देवदर्शनाच्या रस्त्यावर पोटात घेऊन झोपवलं असेल! खोलगट भाग घड्या घातलेल्या गोधड्यांनी भरा, वर गादी टाका. दाराच्या चौकटीवर उशीच्या अभ्य्रासारखी चढवता येईल अशी मच्छरदाणीच्या कापडाची खोळ आई तासाभरात शिवून देते. मागच्या दारांचं चाइल्ड लॉक मात्र आठवणीने काढायचं, नाहीतर रात्री उठायची वेळ आली की आतून दार उघडणार नाही. गाडी सपाट जागी, तोंड रस्त्याकडे करून लावा. हँडब्रेक, पहिला गिअर आणि चाकाला दगड, तिन्ही हवेत.

इथवर थट्टामस्करी चालली. पण पुढचा मुद्दा गांभीर्याने वाचा. बंद गाडीत इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपायचं नाही. थंडी कितीही असो, कोळशाची शेगडी आत घ्यायची नाही, 'विझत आलीय' असं वाटलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, गुंगी येते, आणि झोपलेल्याला तर तेही कळत नाही. म्हणून समोरासमोरच्या दोन काचा दोन-दोन बोटं उघड्या ठेवायच्या. थंडीवर उपाय एकच, आणखी एक घोंगडी. स्वयंपाक गाडीपासून दहा पावलं लांब. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर गाडीच्या तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. खरं तर एका रात्रीसाठी एवढा संसार हवाच कशाला? घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि उकडलेली अंडी न्या. दुसऱ्या वेळचं जेवण गावातल्या एखाद्या मावशींना आधी सांगून ठेवा. आपलं वजन वाचतं, गावाला चार पैसे मिळतात.

इन्व्हर्टरवाल्यांसाठी दोन ओळी. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते आणि ती इंजिन सुरू करण्यासाठी बनवलेली असते, रात्रभर दिवे जाळण्यासाठी नव्हे. ५५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे ९ अँपिअरच्या वर करंट. दोन तासांत बॅटरी निम्मी! त्याऐवजी ५ वॅटचा एलईडी दिवा नेहमीच्या १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर सुमारे पाच तास चालतो. अंताक्षरीला आणखी किती उजेड लागतो?

आणि उजेड कमीच बरा, याला आणखी एक कारण आहे. भंडारदऱ्याचं उदाहरण घ्या. प्रवरेवरचं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. जवळच १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई. पावसाच्या तोंडावर, मे अखेर ते जून, तिथल्या झाडांवर काजवे चमकतात आणि गाड्यांची रीघ लागते. काजवा चमकतो तो जोडीदाराला खूण करायला. आपण हेडलाइट मारले की त्यांचं बोलणंच बंद! हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, तिथे वन विभागाचे नियम पाळायचे, शुल्क भरायचं, गाणी लावायची नाहीत. पाण्याच्या अगदी काठाला तंबू ठोकायचा नाही, कारण धरणाची पातळी आपल्याला विचारून बदलत नाही. कोकणात गेलात तर पुळणीवर गाडी घालण्याचा मोह टाळा. ओल्या वाळूत चाक रुतलं की पुढची भरती काही तासांवर असते, आणि ट्रॅक्टर मिळेल तेव्हा मिळतो.

काही जण म्हणतील, "अरे, एवढं मोजत बसलो तर मजा काय?" त्यांना माझं उत्तर असं की हे मोजायला शुक्रवारचा एक तास लागतो. लाखभराच्या सामानाशिवाय सहल होत नाही असं मानणाऱ्यांची सहल चार वर्षांत एकदाही निघत नाही, हे आपण सगळे बघतोच आहोत. आणि निघालीच, तर ती फक्त ज्यांच्या घरी मोठी गाडी आहे त्यांचीच. साधी गाडी, साधं सामान म्हटलं की कुणाचीही निघते, आणि तिच्यात आई-बाबांनाही जागा असते. गाडीची किल्ली देताना बाबा बोलत नाहीत, पण त्यांना काळजी गाडीची नसते, आपली असते. हवा, ब्रेक ऑइल आणि वजनाचा कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि बघा, पुढच्या वेळी किल्ली मागावी लागते का!

जाता जाता ऑटोमोबाइल लॅबच्या सर्वांना एक विनंती. जोडून सुट्टीच्या आधीच्या दुपारी वर्कशॉप दोन तास उघडं ठेवता येईल का? प्रेशर गेज आपल्याकडे आहे, जॅक आहे, शिकायला उत्सुक मुलं तर भरपूर आहेत. स्टाफच्या आणि गावातून येणाऱ्या पालकांच्या गाड्यांची हवा, नक्षी, स्टेपनी, ब्रेक ऑइलची पातळी आम्ही तपासून एका कागदावर लिहून देऊ. कॉलेजला खर्च शून्य, आम्हाला प्रॅक्टिकल, आणि त्या गाडीतून निघालेल्या घराला घाट सुखरूप. हजेरी लावली तर उत्तमच, नाही लावली तरी आम्ही येऊ!